वाळू आपली, गिरणी परक्याची

लोअर परळ स्थानकाजवळचा डिलाईल पूल २०१८ च्या जुलैमध्ये धोकादायक ठरवून बंद करण्यात आला. तो पूर्णपणे खुला झाला थेट २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या पाच वर्षांत डिलाईल रोडच्या रहिवाशांना एक गोष्ट चांगलीच उमगली. घर जागेवर असते, कचेरी जागेवर असते, रस्तेही जागेवर असतात. पण मधला एक दुवा नाहीसा झाला की दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा वरळी-प्रभादेवीहून केईएम आणि टाटा रुग्णालयाकडे येणाऱ्यांच्या वाट्यालाही तसाच वळसा आला.

जगाच्या बाजारात सध्या अशाच एका दुव्याची काळजी चालू आहे. ‘अत्यावश्यक खनिजे’ हा शब्द वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर वारंवार दिसतो. त्याच्या सोबत इलेक्ट्रिक मोटारी, मोबाइल, पवनचक्क्या आणि क्षेपणास्त्रे यांचा उल्लेख असतो. रुग्णालयाचा उल्लेख सहसा नसतो. वास्तविक डिलाईल रोडच्या एखाद्या चाळीतून परळच्या रुग्णालयात एमआरआयसाठी, मूतखड्यावरच्या लेझरसाठी किंवा कर्करोगाच्या तपासणीसाठी निघालेला माणूस याच खनिजांच्या भरवशावर निघालेला असतो. त्याला ते ठाऊक नसते, इतकेच.

सात नावांची यादी

२०२५ च्या ४ एप्रिलला चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम ही ती सात नावे. धातू, मिश्रधातू, ऑक्साइड, संयुगे आणि काही चुंबके या सर्वांना ही अट लागू झाली. ही बंदी नव्हती; पण परवाना मिळायला आठवडे लागू लागले आणि जगभरच्या मोटार कारखान्यांचे धाबे दणाणले. जपानमध्ये एका नामांकित कंपनीला आपल्या लोकप्रिय मोटारीचे उत्पादन काही दिवस थांबवावे लागले.

डॉक्टरच्या नजरेने ही यादी वाचली तर सातांपैकी चार नावे रोजच्या ओळखीची निघतात.

पहिले गॅडोलिनियम. एमआरआय करताना ‘कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल’ असे सांगितले जाते, त्या इंजेक्शनाचा गाभा म्हणजे हे मूलद्रव्य. गॅडोलिनियमचा अणू स्वतःच्या चुंबकीय गुणामुळे आसपासच्या पाण्याच्या रेणूंवर प्रभाव टाकतो आणि चित्रात ती जागा उजळ दिसते. मेंदूतील गाठ, मज्जारज्जूवरील सूज, यकृतातील संशयास्पद डाग अशा ठिकाणी हा फरक निर्णायक ठरतो. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते एका मोठ्या रेणूच्या पकडीत घट्ट बांधून दिले जाते. साठ किलो वजनाच्या माणसाला एका तपासणीत सुमारे एक ग्रॅम गॅडोलिनियम पुरते.

दुसरे ल्युटेशियम. पेट स्कॅनच्या यंत्रात शरीरातून येणारे किरण टिपणारे स्फटिक असतात. आजच्या बहुतेक यंत्रांत ते ल्युटेशियमयुक्त असतात. याच मूलद्रव्याचा किरणोत्सारी भाऊ ल्युटेशियम-१७७ हा गेल्या काही वर्षांत न्यूरोएंडोक्राइन गाठी आणि पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग यांवरच्या उपचारात महत्त्वाचा ठरला आहे. औषधाचा रेणू कर्करोगाच्या पेशीला जाऊन चिकटतो आणि ल्युटेशियम तिथल्या तिथे किरणोत्सार करून ती पेशी मारते. मुंबईजवळ तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ते तयार होते.

तिसरे यट्रियम. दाताची झिर्कोनियाची कॅप बसवलेल्यांच्या तोंडात ते असतेच, कारण त्याच्यावाचून झिर्कोनिया तडकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पुन्हा अंधुक दिसू लागले तर ‘यॅग लेझर’ करतात. त्यातला पहिला ‘य’ यट्रियमचा. यट्रियम-९० भरलेल्या बारीक काचगोळ्या यकृताच्या कर्करोगात थेट रोहिणीतून सोडतात. चौथे समेरियम. कर्करोग हाडांत पसरल्यावर होणाऱ्या असह्य वेदना कमी करण्यासाठी समेरियम-१५३ चे इंजेक्शन दिले जाते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आणखी पाच नावे जाहीर केली : होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम आणि इटर्बियम. मूतखडा फोडणारे होल्मियम लेझर आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचले आहे. इटर्बियमपासून तर उत्तम प्रतीचे ल्युटेशियम-१७७ बनते. अमेरिकेशी बोलणी झाल्यावर या दुसऱ्या यादीची अंमलबजावणी नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित करण्यात आली. पहिल्या यादीची परवाना पद्धत मात्र चालूच राहिली.

या सगळ्यामुळे परळमधले एमआरआय बंद पडले, असे मुळीच नाही. रुग्णांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. काळजीचे कारण वेगळे आहे. एका रुग्णाला गॅडोलिनियम लागते ग्रॅमभर आणि उपचाराचे ल्युटेशियम तर मिलिग्रॅमच्याही अंशात. एका इलेक्ट्रिक मोटारीला मात्र किलो-दोन किलो चुंबक लागते. बाजारात रांग लागते तेव्हा मोठ्या गिऱ्हाइकाचा आवाज मोठा असतो. रुग्णालय हे या रांगेतले सर्वांत छोटे गिऱ्हाईक आहे आणि त्याची गरज सर्वांत निकडीची आहे.

दुर्मीळ नाही, किचकट आहे

या सतरा मूलद्रव्यांच्या घराण्याला ‘दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. यांतली काही तर जमिनीत शिशापेक्षाही जास्त आढळतात. अडचण अशी की ती एकत्र नांदतात आणि रासायनिक गुणांनी इतकी सारखी असतात की एकापासून दुसरे वेगळे करताना रसायनशास्त्रज्ञाचा घाम निघतो. त्यासाठी द्रावणे एकमेकांत घुसळून पुन्हा वेगळी करण्याची क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते. आम्ले लागतात, पाणी लागते, कुशल माणसे लागतात, आणि मागे उरलेला गाळ सांभाळावा लागतो. खाणकामात चीनचा वाटा जगाच्या साधारण साठ-सत्तर टक्के असला, तरी या शुद्धीकरणात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. खरा पूल इथे आहे, खाणीच्या तोंडाशी नाही.

गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. विदर्भ-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरातून लँकेशायरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, अमेरिकन कापसाची वाट अडली आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो फुगाही फुटला. शेअरच्या सट्ट्यात मुंबईतले भलेभले बुडाले. तेजीचा पैसा आला तसा गेला. शहराला टिकाऊ कमाई दिली ती पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळीत उभ्या राहिलेल्या गिरण्यांनी. कापूस असून भागत नाही, गिरणी लागते. दुर्मीळ मृदेच्या बाबतीत भारताकडे कापूस आहे. गिरणी तोकडी आहे.

काथ्याला चिकटलेली वाळू

भारतातला हा कापूस म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची मोनाझाइट नावाची पिवळसर-तपकिरी वाळू. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याच्या मालाला चिकटलेल्या वाळूत हे खनिज आढळले, असा त्याच्या शोधाचा इतिहास सांगतात. त्या काळी मोनाझाइटला मागणी होती ती त्यातल्या थोरियमसाठी, आणि थोरियम लागे गॅसबत्तीच्या मेंटलला. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावरून चालणाऱ्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात थोरियम आणि थोडे सेरियम जळताना पाहिले आहे. वाळू आपली, मेंटल परदेशी, अशी तेव्हाची व्यवस्था होती.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारताने मोनाझाइटची निर्यात रोखली. ऑगस्ट १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. तुर्भ्याला थोरियमचा कारखाना उभा राहिला आणि मेंटलसाठीचे थोरियम देशातच मिळू लागले. थोडक्यात, नव्या राष्ट्राने पहिल्यांदा गिरणीचाच विचार केला होता. आज ‘आयआरईएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय प्रभादेवीत, सिद्धिविनायकाच्या देवळासमोर आहे. दर मंगळवारी डिलाईल रोडहून दर्शनाला जाणारे हजारो लोक त्या इमारतीवरून जातात.

मग ही गिरणी मागे का पडली? कारणे तीन. पहिले, मोनाझाइटमध्ये थोरियम आहे, म्हणजे ही वाळू अणुऊर्जेच्या कायद्याखाली येते आणि तिचा व्यवहार खुला नाही. दुसरे, १९९० नंतर चीनने इतक्या स्वस्तात माल विकायला सुरुवात केली की जगभरचे कारखाने बसले. अमेरिकेची माउंटन पास ही प्रसिद्ध खाण २००२ मध्ये बंद पडली आणि भारतानेही २००४ च्या सुमारास मोनाझाइटवरची प्रक्रिया काही वर्षे थांबवली. तिसरे कारण निसर्गाचे. भारतीय मोनाझाइटमध्ये लँथॅनम, सेरियम, निओडिमियम ही ‘हलकी’ भावंडे भरपूर आहेत. डिस्प्रोसियम, टर्बियमसारखी ‘जड’ भावंडे फारच कमी आहेत.

आकड्यांत सांगायचे तर देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट असल्याचा सरकारी अंदाज आहे आणि त्यात ७२ लाख टनांहून अधिक दुर्मीळ मृदा ऑक्साइड आहेत. त्यातला बहुतेक साठा केरळ, तामिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला अगदी थोडा आला आहे. साठ्यात भारत जगात पहिल्या तीन-चार देशांत मोडतो. उत्पादनात मात्र त्याचा वाटा एक टक्क्याच्या आत-बाहेर आहे.

अणुभट्ट्यांचे वेळापत्रक

मित्रराष्ट्रांनी मिळून असा पुरवठा सांभाळता येतो का? या प्रश्नाचे उत्तर मोटार उद्योगाने शोधायला घेतले त्याच्या बरेच आधी वैद्यकशास्त्राला द्यावे लागले होते.

टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जगभरातील अणुवैद्यकाच्या सुमारे ८० टक्के तपासण्यांत वापरले जाते. हाडांचा स्कॅन, हृदयाला रक्तपुरवठा पुरेसा आहे की नाही हे पाहणारा स्कॅन, मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा स्कॅन हे सगळे त्यात आले. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारालगत १९६३ पासून असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने देशात या शाखेचा पाया घातला. टेक्नेशियमची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होते, म्हणून ते साठवता येत नाही. ते मिळते मॉलिब्डेनम-९९ पासून आणि त्याचीही शक्ती ६६ तासांत निम्मी होते. रुग्णालयात शिशाच्या कवचातला एक ‘जनरेटर’ येतो. गाईचे दूध काढावे तसे त्यातून रोज सकाळी टेक्नेशियम काढतात. आठवडाभरात गाय आटते आणि नवी आणावी लागते.

मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंदच राहिली. तेवढ्यात, फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्समधील पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी सहा महिने थांबली. जगाचे निम्म्याहून अधिक मॉलिब्डेनम-९९ या दोनच ठिकाणांहून येत होते. अनेक देशांत हृदयाच्या आणि हाडांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. पन्नासेक वर्षे जुन्या यंत्रांवर जग विसंबून होते, ही गोष्ट तेव्हा अनेकांना प्रथमच कळली.

त्यानंतर जे घडले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये या विषयासाठी उच्चस्तरीय गट नेमला. पोलंडच्या ‘मारिया’ भट्टीने २०१० मध्ये हे काम नव्याने अंगावर घेतले. बेल्जियम, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांच्या भट्ट्यांचे दुरुस्तीचे दिवस एकमेकांना विचारून ठरू लागले, जेणेकरून सगळ्या एकदम बंद राहू नयेत. आणि त्या गटाने दुखण्याचे मूळही शोधले. ते तांत्रिक नव्हते, पैशाचे होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या भट्ट्या हे द्रव्य इतके स्वस्त विकत होत्या की नवी भट्टी उभारण्यात कोणालाच रस नव्हता. म्हणून २०११ मध्ये तत्त्व ठरले : मालाची पूर्ण किंमत घ्यावी, आणि अडीनडीसाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचेही पैसे मोजावेत. वापरात नसलेल्या पण तयार असलेल्या यंत्रासाठी पैसे देणे हे रुग्णालयाला नवे नाही. रात्रपाळीचा रिकामा खाटविभाग आणि उभी रुग्णवाहिका यांचा हिशेब तोच असतो.

व्यवस्था परिपूर्ण झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेटनला एका नळाच्या बिघाडामुळे भट्टी वेळेवर सुरू झाली नाही आणि पुन्हा टंचाई जाणवली. पण या वेळी कोणत्या देशात कोणत्या आठवड्यात तुटवडा पडेल, हे आधी सांगता आले. डॉक्टरांना रुग्णांच्या तारखा ठरवता आल्या. साखळी तुटणार असेल तर ती कधी तुटणार हे कळणे, हीसुद्धा मोठी सोय असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. मॉलिब्डेनम-९९ ची साठेबाजी करताच येत नाही. ठेवले की ते संपते. त्यामुळे देशांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. गॅडोलिनियमचे ऑक्साइड वर्षानुवर्षे पोत्यात राहते. जिथे साठा करता येतो तिथे अडवणूकही करता येते आणि सहकार्याची कसोटी तिथेच लागते.

साखळीचे टोक गुजरातेत

या गोष्टीत भारत नेहमी सोसणाऱ्याच्या बाजूला असतो, असेही नाही. सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन ही कर्करोगावरची जुनी, स्वस्त आणि अजूनही अपरिहार्य औषधे. फुप्फुस, अंडाशय, गर्भाशयाचे मुख, वृषण, डोके-मान यांच्या कर्करोगांत ती लागतात. त्यांचा गाभा आहे प्लॅटिनम, आणि त्या धातूची सर्वांत मोठी खाणव्यवस्था दक्षिण आफ्रिकेत आहे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासणीत गुजरातेतील एका कारखान्यात गंभीर त्रुटी आढळल्या आणि उत्पादन थांबले. त्या एका कारखान्यावर अमेरिका किती विसंबून होती ते मग उघड झाले. २०२३ मध्ये तिथल्या २७ मोठ्या कर्करोग केंद्रांच्या पाहणीत ९३ टक्के केंद्रांनी कार्बोप्लॅटिनची आणि ७० टक्के केंद्रांनी सिसप्लॅटिनची टंचाई असल्याचे सांगितले. कोणत्या रुग्णाला आधी द्यायचे, हे ठरवण्याची वेळ जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातील डॉक्टरांवर आली. शेवटी अमेरिकेने तात्पुरती परवानगी देऊन सिसप्लॅटिन आणले ते चीनमधून.

प्लॅटिनम कमी पडले नव्हते. खाणी चालू होत्या. अडले ते मधल्या एका कारखान्यात. आणि मदत आली ती प्रतिस्पर्धी समजल्या जाणाऱ्या देशातून. औषधाच्या बाबतीत शहाणपण कसे वागते, याचा हा नमुना आहे.

मैत्रीचे करार आणि त्यांतली उणीव

खनिजांसाठीच्या सहकार्याचा सर्वांत बोधक दाखला जपानचा आहे. २०१० मध्ये एका सागरी वादानंतर चीनकडून जपानला होणारा दुर्मीळ मृदेचा पुरवठा अडला. जपानने ऑस्ट्रेलियातील कंपनीत पैसे गुंतवले, जुन्या उपकरणांतून धातू काढण्याची तंत्रे सुधारली, साठे केले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये भारताशीही करार केला. काही वर्षांत चीनवरचे त्याचे अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आले. हे साधायला दशक लागले, तेही पैसा आणि चिकाटी दोन्ही असताना.

भारताने २०१९ मध्ये परदेशात खनिजे मिळवण्यासाठी ‘काबिल’ ही सरकारी कंपनी काढली. तिने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी करार केला. २०२३ मध्ये सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘खनिज सुरक्षा भागीदारी’त सामील झाला. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज मोहिमे’ला मंजुरी मिळाली. जुलै २०२५ मध्ये भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या ‘क्वाड’ देशांनीही असाच उपक्रम जाहीर केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चुंबके बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना आली. दिशा बरोबर आहे; गिरणी उभारायला सुरुवात झाली आहे.

पण स्वावलंबन आणि सहकार्य यांचा ताळमेळ सोपा नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या बातम्यांनुसार, देशाच्या गरजेसाठी माल राखून ठेवावा म्हणून सरकारने ‘आयआरईएल’ला जपानकडची निर्यात थांबवण्यास सांगितले. देशाची बाजू समजण्यासारखी आहे. पण अडचणीच्या वेळी प्रत्येक देश असेच वागला, तर कराराचा कागद कशाला?

दुसरी उणीव थेट आरोग्याची आहे. हे करार आणि योजना मुख्यत्वे चुंबके, बॅटऱ्या आणि संगणकाच्या चिप यांची भाषा बोलतात. तीस खनिजांच्या यादीत दुर्मीळ मृदा आहे, मॉलिब्डेनम आहे, प्लॅटिनमचे घराणे आहे; पण रुग्णालयाला लागणाऱ्या शुद्ध, थोड्या, नियमित मालाची वेगळी तरतूद कुठे ठळकपणे दिसत नाही. वैद्यकीय वापराला लागणारा माल एवढा थोडा आहे की तो कोणत्याही भांडणातून वगळणे सर्वांना परवडेल. युद्धातही रुग्णवाहिकेला वाट देण्याचा संकेत आहे. खनिजांच्या करारांत तसे एक कलम असावे : निर्यातीवर निर्बंध आले तरी औषध आणि रोगनिदानासाठीच्या मालाला परवाना ठरावीक दिवसांत मिळेल. आणि मॉलिब्डेनमच्या धर्तीवर, कोणाकडे किती माल आहे याची माहिती देशांनी एकमेकांना द्यावी. यात कोणाचे गुपित फुटत नाही.

भारताकडे इथे एक जमेची बाजू आहे, जी फार देशांकडे नाही. प्रभादेवीची ‘आयआरईएल’, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय या तिन्ही संस्था एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत. वाळूपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची साखळी एकाच घरात जोडण्याची सोय आहे. ल्युटेशियम-१७७ ध्रुवमध्ये तयार होत असले, तरी त्यासाठी लागणारा कच्चा माल ‘समृद्ध’ करून, म्हणजे ल्युटेशियमचे किंवा इटर्बियमचे नेमके हवे ते समस्थानिक वेगळे काढून, घ्यावा लागतो. त्याचा मोठा पुरवठादार रशिया आहे. युक्रेनच्या युद्धानंतर ही वाटही किती अरुंद आहे, हे जगाला कळले. घरातली ही कडी पक्की करण्यासाठी जाणारा पैसा चुंबकांच्या कारखान्यापुढे चिल्लर ठरेल.

किंमत कोण मोजणार

गिरणी म्हटली की धूर आणि सांडपाणी आले. मलेशियात बुकित मेराह येथे जपानी भागीदारीतील दुर्मीळ मृदेचा कारखाना थोरियमयुक्त कचऱ्यामुळे वादात सापडला आणि स्थानिकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९० च्या दशकात बंद झाला. सफाईला पुढे कितीतरी वर्षे लागली. उलट केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर, जिथे मोनाझाइटमुळे नैसर्गिक किरणोत्सारच जास्त आहे, तिथल्या लोकसंख्येच्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. किनाऱ्यावरची वाळू आणि कारखान्याचा गाळ यांत फरक आहे. गिरणी हवी असेल तर कामगाराची तपासणी, गाळाची विल्हेवाट आणि गावाशी खुला संवाद यांचा खर्च मालाच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरावा लागेल. स्वस्त मालाची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजतच असतो. गिरणगावाला हेही निराळे सांगायला नको.

वाचकाच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, जुने एमआरआय-सीटीचे फिल्म, सीडी आणि अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरकडे जाताना सोबत न्यावेत. ते हरवले म्हणून केलेली तपासणी हा पैशाचा आणि कॉन्ट्रास्टचा अपव्यय असतो. दुसरी, एमआरआयच्या वेळी कॉन्ट्रास्टची गरज का आहे हे विचारावे आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आवर्जून सांगावे. मूत्रपिंड फारच कमजोर असलेल्या मोजक्या रुग्णांत गॅडोलिनियमच्या काही जुन्या औषधांमुळे त्वचा कडक होण्याचा गंभीर विकार आढळला आहे. पण डॉक्टरने कारण सांगितल्यावर भीतीपोटी कॉन्ट्रास्ट नाकारू नये. तिसरी, बिघडलेले मोबाइल, हार्ड डिस्क, हेडफोन कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत. त्यांतल्या चुंबकांत निओडिमियम असते. अशा कचऱ्यातून धातू परत मिळवण्यासाठी सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची योजना मंजूर केली आहे. ती चालेल घराघरांतून येणाऱ्या मालावर.

आणि चौथी गोष्ट सर्वांत साधी. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनची वेळ दिली असेल तर ती पाळावी, आणि येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. तुमच्या नावाचे टेक्नेशियम त्या सकाळी काढलेले असते. सहा तासांत ते निम्मे होते, बारा तासांत पाव उरते. आधी कळवले तर तोच डोस यादीतल्या पुढच्या रुग्णाला देता येतो.